क्रिस्तियान डॉप्लर: ताऱ्यांपासून तान्ह्या हृदयापर्यंत

महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात निदानकेंद्राच्या पाटीवर सोनोग्राफी या शब्दाशेजारी कलर डॉप्लर हे दोन शब्द हमखास दिसतात. गरोदर स्त्रीच्या तपासणीच्या कागदांत, हृदयरोग्याच्या अहवालात, इतकेच काय, पावसाचा वेध घेणाऱ्या मुंबईतील हवामान रडारच्या नावातही डॉप्लर असतो. शब्द इतका अंगवळणी पडला आहे की ते एका माणसाचे आडनाव आहे, याची आठवण क्वचितच कोणाला होते. हा माणूस डॉक्टर नव्हता. वैद्यकाशी त्याचा संबंध आला तो रुग्ण म्हणून. त्याने आपला सिद्धांत मांडला तो आकाशातील ताऱ्यांसाठी, आणि ज्या ताऱ्यांसाठी मांडला त्यांच्या रंगाबाबतचा त्याचा निष्कर्ष चुकीचा ठरला.

तरीही आज जन्मून जेमतेम आठवडा झालेल्या बाळाच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते, तेव्हा छाती बंद करण्यापूर्वी रक्त योग्य वाटेने वाहते आहे की नाही, हे याच सिद्धांताच्या आधारे तपासले जाते. चुकलेल्या उदाहरणातून अचूक नियम कसा हाती लागला आणि तो मांडणाऱ्याच्या वाट्याला काय आले, याची ही कहाणी.

पाथरवटांच्या घरातील नाजूक मुलगा

क्रिस्तियान आंद्रेआस डॉप्लर यांचा जन्म २९ नोव्हेंबर १८०३ रोजी साल्झबुर्ग येथे झाला. ज्या चौकात त्यांचे घर होते, त्याच चौकात काही दशकांपूर्वी मोझार्ट कुटुंबाचे बिऱ्हाड होते. डॉप्लर घराणे पिढीजात पाथरवटांचे. कारागिरीला नाव होते आणि धंद्याचा जमही चांगला बसला होता. मात्र या धंद्यात उतरायचे तर अंगात बळ हवे, आणि क्रिस्तियान लहानपणापासून प्रकृतीने अशक्त. छिन्नी-हातोडा या मुलाच्या हाती देण्यात अर्थ नाही, हे वडिलांनी ओळखले आणि त्याला व्यापाराच्या, हिशेबाच्या बाजूला वळवण्याचा विचार सुरू झाला.

मुलाची गणितातील गती किती आहे, याविषयी साल्झबुर्गमधील गणिताचे प्राध्यापक सिमोन श्टाम्फर यांचा सल्ला घेण्यात आला. त्यांनी ती बुद्धी हेरली आणि व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निक संस्थेत पाठवण्याची शिफारस केली. १८२२ मध्ये डॉप्लर तेथे दाखल झाले. तेथील अभ्यासक्रम त्यांना एकांगी वाटला, म्हणून तीन वर्षांनी ते घरी परतले. राहिलेले शालेय शिक्षण त्यांनी पूर्ण केले, गणित आणि पदार्थविज्ञानाच्या शिकवण्या केल्या आणि पुन्हा व्हिएन्ना गाठून उच्च गणिताचा अभ्यास केला. पुढे आयुष्यभर जी गोष्ट त्यांच्या पाठीशी लागली ती येथेच दिसू लागली होती: बुद्धीविषयी कोणाला शंका नव्हती, पण तिला साजेशी जागा मात्र सहजी मिळत नव्हती.

अमेरिकेच्या उंबरठ्यावरून माघारी

१८२९ मध्ये व्हिएन्ना येथे उच्च गणिताचे प्राध्यापक आडाम बुर्ग यांचे साहाय्यक म्हणून डॉप्लर यांना काम मिळाले. पद तात्पुरते होते आणि चार वर्षांनी त्याची मुदत संपली. तेव्हा त्यांचे वय तिशीला टेकले होते. ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात अध्यापकाची कायम जागा मिळवण्यासाठी स्पर्धा परीक्षा द्यावी लागे, अर्ज एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत फिरत आणि निर्णयाला महिनोन्महिने लागत. डॉप्लर यांनी गावोगावच्या शाळा-संस्थांत अर्ज केले. दरम्यान पोटासाठी एका सूतगिरणीत सुमारे दीड वर्ष हिशेबनिसाचे काम केले. गणितावर निबंध प्रसिद्ध झालेला माणूस जमाखर्चाच्या वह्या भरत होता.

१८३५ मध्ये त्यांचा धीर सुटला. या खंडात आपल्याला जागा नाही, असे मानून त्यांनी अमेरिकेला जाण्याचे ठरवले. जवळची चीजवस्तू विकली आणि म्युनिकला जाऊन अमेरिकेच्या वकिलातीत चौकशीही केली. नेमक्या त्याच सुमारास प्रागहून पत्र आले: तेथील शासकीय माध्यमिक शाळेत गणित शिकवण्याची जागा त्यांना देण्यात आली होती. बेत रद्द झाला. देश सोडण्याचा निर्णय घेऊन बांधाबांध केलेल्या माणसाला एका पत्राने परत फिरवावे, ही घटना परदेशी स्थायिक झालेल्या वाचकाला अनोळखी वाटणार नाही. पत्र जरा उशिरा आले असते, तर डॉप्लर कदाचित अमेरिकेतील एखाद्या गावात मुलांना बीजगणित शिकवत राहिले असते.

पुढच्याच वर्षी, १८३६ मध्ये, साल्झबुर्गच्या एका सोनाराची कन्या माथिल्डे श्टुर्म हिच्याशी त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला पाच मुले झाली.

प्रागमधील पाच श्रोते

शाळेत बीजगणित आणि भूमिती शिकवण्यात डॉप्लर यांचे मन रमले नाही. हळूहळू प्रागच्या पॉलिटेक्निकमध्ये तासिका मिळू लागल्या आणि १८४१ मध्ये ते तेथे प्राध्यापक झाले. पद मानाचे होते, पण कामाचा बोजा जबर होता. शेकडो विद्यार्थ्यांच्या परीक्षा तोंडी घ्याव्या लागत. ते फार कडक परीक्षक आहेत, अशा तक्रारीही झाल्या. प्रकृती मुळातच नाजूक. या दगदगीने ती आणखी ढासळत गेली.

याच धबडग्यात त्यांनी तो निबंध लिहिला. २५ मे १८४२ रोजी प्राग येथील रॉयल बोहेमियन विज्ञानसंस्थेच्या बैठकीत त्यांनी तो वाचला. विषय होता दुहेरी ताऱ्यांचा आणि आकाशातील इतर काही ताऱ्यांचा रंगीत प्रकाश. श्रोते होते पाच, आणि त्यांच्या जोडीला इतिवृत्त लिहिणारा एक. विज्ञानाच्या इतिहासातील एका मोठ्या कल्पनेचा जन्म इतक्या लहानशा मेळाव्यात झाला.

कल्पना सांगायला सोपी आहे. किनाऱ्याजवळ गुडघाभर पाण्यात उभे राहिले, तर लाटा ठरावीक अंतराने येऊन पायांवर आपटतात. तोच माणूस समुद्राच्या दिशेने चालू लागला, तर त्याला लाटा लवकर लवकर भेटतात. किनाऱ्याकडे वळला, तर दोन लाटांमधला वेळ वाढतो. समुद्र बदललेला नसतो, बदललेली असते ती माणसाची गती. लाटा निर्माण करणारी वस्तूच हलत असेल, तरीही परिणाम त्याच जातीचा होतो. लहरींचा उगम आणि निरीक्षक यांच्यातील अंतर कमी होत असेल तर वारंवारता वाढलेली जाणवते, अंतर वाढत असेल तर घटलेली. फलाटावर न थांबता धडधडत जाणाऱ्या गाडीची शिट्टी जवळ येताना चढ्या स्वरात आणि दूर जाताना उतरत्या स्वरात ऐकू येते, ती याच कारणाने.

डॉप्लर यांनी हा फरक केवळ वर्णन केला नाही, तर गणिती सूत्रात बांधला. वेग किती असेल तर वारंवारता किती बदलेल, हे त्या सूत्रावरून काढता येत होते. त्यामुळे उलटा हिशेबही शक्य झाला: वारंवारतेतील बदल मोजा आणि वेग काढा. जिथे हात पोहोचत नाही अशा वस्तूची गती तिला न शिवता कळण्याचा मार्ग त्या दिवशी मोकळा झाला. पुढे कधीतरी खगोलशास्त्रज्ञांना याचा उपयोग होईल, असा विश्वास त्यांनी स्वतःही व्यक्त केला होता. तत्त्वज्ञ आणि गणिती बेर्नार्ड बोल्झानो यांनी या कल्पनेचे मोल तत्काळ ओळखले आणि तिचा पुरस्कार करणारा लेख लिहिला.

उदाहरण चुकले, नियम टिकला

आकाशातील दुहेरी ताऱ्यांपैकी काही जोड्यांत एक तारा पिवळसर तर दुसरा निळसर दिसतो. डॉप्लर यांनी धरून चालले की सर्व तारे मुळात पांढरे असतात. जो आपल्याकडे येतो तो निळसर आणि जो दूर जातो तो तांबूस दिसतो. हे गृहीतक बरोबर नव्हते. ताऱ्याचा रंग मुख्यतः त्याच्या पृष्ठभागाच्या तापमानावर अवलंबून असतो. ताऱ्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या मानाने इतका किरकोळ असतो की त्यामुळे डोळ्यांना दिसेल असा रंगबदल होत नाही. शिवाय वर्णपटाच्या एका टोकाचा प्रकाश दृष्टीआड सरकला, तर दुसऱ्या टोकाला पूर्वी न दिसणारा प्रकाश दृश्य पट्ट्यात येतो, हेही त्यांनी हिशेबात घेतले नव्हते.

नियमाची पारख मात्र प्रकाशावर नव्हे, ध्वनीवर झाली. नेदरलँड्समधील तरुण शास्त्रज्ञ बाइस बॅलट यांना डॉप्लर यांचे ताऱ्यांविषयीचे म्हणणे पटलेले नव्हते. त्यांनी १८४५ मध्ये उट्रेख्तजवळच्या लोहमार्गावर प्रयोग मांडला. फेब्रुवारीतील पहिला प्रयत्न खराब हवामानामुळे सोडून द्यावा लागला. जूनमध्ये तो पुन्हा करण्यात आला. इंजिनाने ओढलेल्या उघड्या वाघिणीवर तुतारीवादक उभे करून त्यांना एकच स्वर धरायला सांगितला आणि रुळांच्या कडेला स्वरज्ञान पक्के असलेले संगीतकार ऐकायला ठेवले. गाडी येताना स्वर चढा आणि गेल्यावर उतरलेला ऐकू आला. स्वरातील फरक मोजण्याचे साधन म्हणून माणसाच्या कानाशिवाय काहीही नव्हते. सिद्धांत ध्वनीपुरता खरा ठरला. ताऱ्यांच्या रंगाबद्दलचे अनुमान बाइस बॅलट यांनी तरीही अमान्य केले, आणि दोन्ही बाबतींत ते बरोबर होते.

प्रकाशाचे कोडे सुटले ते रंग सोडून वर्णपटातील रेषांकडे पाहिल्यावर. फ्रान्सचे इपोलित फिझो यांनी १८४८ मध्ये स्वतंत्रपणे ही दिशा दाखवली आणि १८६८ मध्ये इंग्लंडचे विल्यम हगिन्स यांनी व्याध ताऱ्याच्या रेषांचे सूक्ष्म सरकणे मोजून त्याचा वेग काढण्याचा प्रयत्न केला. तोवर डॉप्लर यांना जाऊन पंधरा वर्षे झाली होती.

व्हेनिसमधील शेवट

१८४७ मध्ये डॉप्लर शेमनिट्झ येथील खाणविद्या अकादमीत गणित, पदार्थविज्ञान आणि यामिकीचे प्राध्यापक म्हणून गेले. हे गाव आज स्लोव्हाकियात आहे. जरा स्वस्थता लाभेल असे वाटते न वाटते तोच १८४८ ची क्रांती उसळली आणि प्रदेश अशांत झाला. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या विज्ञान अकादमीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. पुढे ते कुटुंबासह व्हिएन्नाला परतले. जानेवारी १८५० मध्ये सम्राट फ्रान्स योझेफ यांच्या आज्ञेने व्हिएन्ना विद्यापीठात नवी पदार्थविज्ञान संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून डॉप्लर यांची नेमणूक झाली. तेथे त्यांच्या व्याख्यानांना बसणाऱ्यांत ब्र्यून येथून आलेला एक मठवासी विद्यार्थी होता. त्याचे नाव ग्रेगोर मेंडेल. वाटाण्याच्या रोपांवरून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा तो हाच.

कीर्तीचा हा काळ अल्प ठरला. १८५२ मध्ये योझेफ पेत्सवाल यांनी अकादमीत डॉप्लर यांच्या सिद्धांतावर जाहीर हल्ला चढवला. पेत्सवाल सामान्य टीकाकार नव्हते. छायाचित्रणाचे भिंग गणिताने रचणारे ते नामांकित गणिती होते. निसर्गाचे मोठे नियम गहन समीकरणांतूनच निघतात, दोन-चार ओळींच्या सोप्या सूत्रात ते मावणे शक्य नाही, असा त्यांचा आग्रह होता. स्थिर उगम, स्थिर निरीक्षक आणि मध्ये वाहते माध्यम अशी स्थिती घेऊन वारंवारता बदलत नाही, असे त्यांनी दाखवले. ते गणित चूक नव्हते, पण ते डॉप्लर यांच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. डॉप्लर उगम आणि निरीक्षक यांच्या परस्पर गतीविषयी बोलत होते. दोघे विद्वान दोन वेगळ्या गोष्टींवर वाद घालत राहिले आणि वाद सुटला नाही.

तोवर क्षयाने डॉप्लर यांचे शरीर पोखरले होते. नोव्हेंबर १८५२ मध्ये उबदार हवेच्या आशेने ते व्हेनिसला गेले. हवेने गुण दिला नाही. १७ मार्च १८५३ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. वय होते ४९. पत्नी अखेरच्या दिवसांत त्यांच्याजवळ पोहोचली होती. व्हेनिसच्या सान मिकेले या दफनभूमीच्या बेटावर त्यांना मूठमाती देण्यात आली. तेथे त्यांच्या स्मरणार्थ शिलालेख आहे, पण नेमके थडगे कोणते, हे आज ठाऊक नाही.

ताऱ्यांकडून रक्ताकडे

डॉप्लर यांचा नियम लहरींचा आहे, लहर कशाची याची त्याला पर्वा नाही. त्यामुळे तो प्रकाशाला जसा लागू पडतो, तसाच माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या ध्वनीलाही, म्हणजे अल्ट्रासाऊंडलाही. असा ध्वनी शरीरात सोडला की तो रक्तातील तांबड्या पेशींवर आदळून परत येतो. पेशी यंत्राकडे येत असतील तर परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता वाढते, दूर जात असतील तर घटते. म्हणजे प्रत्येक रक्तपेशी ही उट्रेख्तच्या वाघिणीवरील तुतारीवादकासारखीच. फरक इतकाच की तिचा स्वर तिचा स्वतःचा नसून बाहेरून पाठवलेल्या ध्वनीचा प्रतिध्वनी असतो.

या दिशेने पहिले पाऊल जपानमध्ये पडले. ओसाका विद्यापीठातील शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात अल्ट्रासाऊंडच्या साहाय्याने हृदयाच्या हालचालींचा वेध घेतला आणि १९५७ मध्ये त्याविषयीचा निबंध प्रसिद्ध केला. १९६१ मध्ये अमेरिकेतील सिएटलच्या फ्रँकलिन, श्लेगेल आणि रशमर यांनी रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीच्या आधारे रक्तप्रवाह मोजून दाखवला. १९७० च्या दशकात ध्वनीचे छोटे छोटे स्पंद पाठवून ठरावीक खोलीवरचाच प्रवाह ऐकण्याचे तंत्र रुळले. त्याच दशकात नॉर्वेमधील यार्ले होलेन, लीव हाट्ले आणि ब्यॉर्न आंगेल्सेन यांच्या कामामुळे रक्ताच्या वेगावरून झडपेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातील फरक काढता येऊ लागला. १९८० च्या दशकाच्या आरंभी जपानी संशोधकांनी प्रवाहाला रंग दिले आणि कलर डॉप्लर जन्माला आला.

दाबाचा हिशेब विलक्षण सोपा आहे. रक्ताचा वेग सेकंदाला किती मीटर आहे ते मोजायचे, त्याचा वर्ग करायचा आणि चाराने गुणायचे. उत्तर पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मिळते. वेग २ मीटर असेल तर दाबातील फरक १६, वेग ४ मीटर असेल तर ६४. एरवी ज्या माहितीसाठी रक्तवाहिनीतून हृदयापर्यंत नळी सरकवावी लागे, ती बाहेरूनच कळू लागली. मोठा नियम सोप्या सूत्रात मावत नाही, असे म्हणणाऱ्या पेत्सवाल यांना याहून स्पष्ट उत्तर काय असू शकले असते?

छाती उघडी असताना

या सूत्राची सर्वांत कठीण परीक्षा अर्भकाच्या शस्त्रक्रियेत होते. तीन किलो वजनाच्या नवजात बाळाच्या अंगात एकूण रक्त सुमारे २५० मिलिलिटर, म्हणजे पाण्याच्या एका पेल्याएवढे. हृदय त्याच्या चिमुकल्या मुठीइतके, आणि हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या. फॅलोट यांच्या चतुष्ट विकारात खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला भोक असते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद झालेली असते. दुरुस्तीसाठी बाळाला हृदय-फुप्फुस यंत्रावर घेऊन हृदय थांबवावे लागते. भोकावर ठिगळ शिवले जाते, वाट रुंद केली जाते.

पण हृदय रिकामे आणि निश्चल असताना शिवलेले ठिगळ भरलेल्या, धडधडणाऱ्या हृदयात कसे वागेल, हे नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. हृदय पुन्हा चालू झाले की ते बंद पेटीसारखे असते. अशा वेळी अन्ननलिकेत सरकवलेल्या बारीक नळीच्या टोकावरून, किंवा निर्जंतुक आवरणात गुंडाळलेला प्रोब थेट हृदयावर टेकवून, अल्ट्रासाऊंड सोडला जातो. पडद्यावर यंत्राकडे येणारा प्रवाह सामान्यतः लाल आणि दूर जाणारा निळा दिसतो. या रंगांचा शुद्ध-अशुद्ध रक्ताशी काही संबंध नसतो. ते फक्त दिशा सांगतात. ठिगळाच्या कडेने रंगीबेरंगी बारीक धार निसटताना दिसली, तर गळती आहे. फुप्फुसाच्या वाटेवर वेग फार असेल, तर वाट अजून अरुंद आहे.

मग मोजक्या मिनिटांत निर्णय घ्यावा लागतो. पुन्हा यंत्रावर जाऊन दुरुस्ती करायची, की आहे ते स्वीकारायचे? पुन्हा यंत्रावर जाणे म्हणजे बाळाच्या हृदयावर, मेंदूवर, मूत्रपिंडांवर आणखी ताण. न जाणे म्हणजे उरलेला दोष घेऊन बाळाला अतिदक्षता विभागात पाठवणे आणि कदाचित काही दिवसांनी दुसऱ्यांदा छाती उघडणे. बारीक गळती बहुधा सोसते, मोठी सोसत नाही. कोणती कशात मोडते, हे ठरवण्यासाठी डॉक्टरांच्या हाती प्रवाहाची दिशा, धारेची रुंदी आणि वेगाचा आकडा असतो.

मेंदूचा प्रश्न याहून नाजूक. काही शस्त्रक्रियांत बाळाचे शरीर सुमारे १८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून रक्ताभिसरण काही काळ थांबवले जाते किंवा अगदी मंद ठेवले जाते. बॉस्टन येथील बालरुग्णालयात या दोन पद्धतींची तुलना झाली. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत अभिसरण पूर्ण थांबवलेल्या बाळांना शस्त्रक्रियेनंतर झटके येण्याचा धोका अधिक आढळला. प्रवाह मंद ठेवला तरी तो मेंदूपर्यंत खरोखर पोहोचतो का, हे कळायला हवे. नवजात बाळाची टाळू भरलेली नसते आणि कानशिलाचे हाड पातळ असते, त्यामुळे तेथून सोडलेला ध्वनी मेंदूच्या धमन्यांपर्यंत सहज जातो. प्रवाह अचानक आटला तर नळी नीट बसली नसल्याचा इशारा वेळीच मिळू शकतो.

यातली एक गोष्ट बाइस बॅलट यांच्या संगीतकारांना आवडली असती. अल्ट्रासाऊंडची वारंवारता ५० लाख हर्ट्झ असली आणि रक्ताचा वेग सेकंदाला एक मीटर असला, तर परतणाऱ्या ध्वनीत सुमारे साडेसहा हजार हर्ट्झचा फरक पडतो. हा फरक माणसाच्या श्रवणाच्या कक्षेतला आहे. म्हणून यंत्र तो सरळ ध्वनिवर्धकावर ऐकवते, आणि सरावलेल्या कानाला प्रवाह मोकळा आहे की अडखळता, हे पडद्याकडे न पाहताही उमगते.

जिथे नियम आंधळा आहे

डॉप्लर यांच्या नियमाला एक मर्यादा आहे, आणि शस्त्रक्रियागृहात ती विसरून चालत नाही. बदल जाणवतो तो फक्त जवळ येण्याचा आणि दूर जाण्याचा. प्रवाह ध्वनिकिरणाला बरोबर काटकोनात असेल, तर रक्त कितीही वेगाने धावत असले तरी यंत्राला ते जवळजवळ स्थिर भासते. साठ अंशांचा कोन असेल, तर वेग निम्माच नोंदला जातो. सूत्रात वेगाचा वर्ग असल्याने दाबातील फरक खऱ्याच्या केवळ पाव भाग दिसतो. फुप्फुसाची वाट अजून अरुंद असताना ती मोकळी झाली असे समजून छाती बंद केली जाऊ शकते. मेंदूच्या धमनीबाबतही वेग कळतो, रक्ताचे एकूण प्रमाण नव्हे, कारण धमनी रुंदावली की आकुंचली हे त्या आकड्यात येत नाही. म्हणून अनुभवी डॉक्टर एकाच बाजूने पाहून थांबत नाहीत. प्रोब फिरवून प्रवाहाच्या रेषेत येतात, आणि यंत्राचा आकडा रक्तदाबाशी, ऑक्सिजनच्या प्रमाणाशी ताडून पाहतात.

डॉप्लर यांच्या चरित्रातही हीच शिकवण दडलेली आहे. त्यांचा नियम निर्दोष होता. चूक झाली ती तो कुठे लावायचा यात. ताऱ्यांच्या रंगात त्यांनी जे पाहिले ते तिथे नव्हते, आणि ते नसल्याचे दाखवणाऱ्यांनीच नियमाला बळकटी दिली. बाइस बॅलट यांनी उदाहरण नाकारले, पण आधी कान लावून नियम तपासला. पेत्सवाल यांनी नियमच नाकारला, तो तपासलाच नाही. बाळाच्या हृदयाशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना यंत्रावर विश्वास ठेवावा लागतो आणि त्याच क्षणी ते कुठे फसवू शकते याचे भानही ठेवावे लागते. बाइस बॅलट यांची वृत्ती ती हीच.

अशक्त म्हणून वडिलोपार्जित कामातून वगळलेला, नोकरीसाठी वणवण केलेला, देश सोडता सोडता थांबलेला आणि पन्नाशीआधीच फुप्फुसांच्या रोगाने गेलेला हा गणिताचा शिक्षक, ज्या गोष्टीला हात लावता येत नाही तिची गती कशी ओळखावी, या एकाच प्रश्नाचे उत्तर मागे ठेवून गेला. तारे हाताला लागत नाहीत कारण ते फार दूर आहेत. तान्ह्या बाळाचे धडधडणारे हृदय पुन्हा उघडता येत नाही कारण ते फार कोवळे आहे. दोन्हीकडे माणसाला अंतर राखूनच पाहावे लागते, आणि दोन्हीकडे प्रागच्या त्या पाच श्रोत्यांपुढे मांडलेले सूत्रच उपयोगी पडते.